तांब्याचा भाव आणि कांद्याचं पाणी

विहिरीवर चोरी झाली की ते डोळ्यांआधी कानाला कळतं. लाइन आली, स्टार्टरनं 'खट्' केलं, पण पाइपातून पाण्याची घरघर काही आली नाही. फेब्रुवारीत, पहाटे चारच्या पाळीला, माझा थोरला भाऊ बॅटरी घेऊन विहिरीवर गेला. पेटीतून निघालेल्या केबलचं टोक वीतभर लोंबत होतं, बाकीची गेलेली. पेटीपासून काठापर्यंतची, आणि काठावरून खाली हात घालून ओढता येईल तेवढी, मिळून शंभरेक फूट. उजाडल्यावर कळलं की आपलीच नाही, ओढ्याकाठच्या नऊ विहिरींच्या केबली एका रात्रीत गेल्या. ओढ्याच्या वळणावर राखेचा काळा डाग होता आणि जळक्या प्लास्टिकचा वास दुपारपर्यंत हलला नव्हता. वरचं आवरण जाळून नुसतं तांबं नेलं होतं.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, शेती दादा बघतो. तेव्हा तक्रारीला अर्थातच मला पुढे घातलं.

ठाणे अंमलदार ओळखीचे. चहा मागवला. पहिला प्रश्न, "किती रुपयांची गेली?" मी म्हटलं, नवी घ्यायला दुकानदार साडेचार हजार सांगतोय. "पण तुमची जुनी होती ना? मग घसारा धरायला लागेल. बत्तीसशे लिहू." मग खुर्चीत जरा मागे रेलून म्हणाले, "वकीलसाहेब, पाच हजारांच्या आतलं आहे. नवीन कायद्यात अदखलपात्र. एनसी देतो. तुम्हाला मी काय सांगायचं?"

ते चुकीचं बोलत नव्हते, आणि तेच मला टोचलं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं जुनं ३७९ कलम आता ३०३ झालं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. पण त्याला एक नवं परंतुक जोडलंय: चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला तुरुंग नाही, समाजसेवेची शिक्षा. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. उलट आरोपींच्या बाजूनं उभं राहणारा वकील म्हणून मी या तरतुदीचं मनापासून स्वागत केलं होतं. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी उचलल्याच्या आरोपावरून एकोणीस वर्षांचा पोरगा चार महिने आत बसलेला मी पाहिलाय. का, तर त्याला जामीनदार मिळेना. सातबारा असलेला माणूस त्याच्यासाठी कोण उभा करणार? बॅटरीची किंमत दोन हजार आणि त्याच्यावर सरकारनं केलेला खर्च त्याच्या कितीतरी पट. अशा पोराला ग्रामपंचायतीचं आवार झाडायला लावलं तर त्याचंही भलं आणि गावाचंही.

गोम पुढे आहे. संहितेबरोबर आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी एक लांबलचक तक्ता आहे. कुठला गुन्हा दखलपात्र, कुठला जामीनपात्र, हे त्यात लिहिलेलं असतं. पक्षकार सोडा, अनेक वकीलही तो तक्ता गरज पडल्याशिवाय उघडत नाहीत. त्यात पाच हजारांच्या आतल्या चोरीपुढे दोन शब्द आहेत: अदखलपात्र, जामीनपात्र. जामीनपात्र असायलाच हवं. पण अदखलपात्र म्हणजे कलम १७४ प्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. एनसी म्हणजे एवढंच: नोंदवहीत चार ओळी लिहायच्या, तक्रारदाराला नक्कल द्यायची आणि 'कोर्टात जा' अशी समज द्यायची. शिक्षा हलकी केली हे ठीकच, पण तिच्यासोबत तपासही सोडून दिला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायदा लिहिणाऱ्यांनी त्या एकाच गाठीत बांधल्या, हे माझं म्हणणं आहे.

जरा तर्क लावून बघा. समाजसेवेची सवलत कुणाला? पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला. आता दादाची केबल नेणारा पहिलटकर आहे की पंधरा वर्षं मुरलेला, हे बत्तीसशेचा आकडा लिहिताना अंमलदारांना कसं कळणार? चोर सापडल्यावरच कळेल. चोर सापडायला तपास हवा. आणि तपास करायचा नाही, कारण माल पाच हजारांच्या आतला. चोर अज्ञात असताना, त्याला पुढे कदाचित मिळू शकेल अशा सवलतीच्या जोरावर गुन्हा आधीच हलका ठरवून टाकायचा, हा उलटा न्याय झाला.

बरं, ठाण्याला दोष द्यावा तर तोही पूर्ण देता येत नाही. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०१३ साली बजावलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. तेव्हापासून कागदावर तरी टाळाटाळीला जागा उरली नाही. पण प्रत्येक एफआयआर म्हणजे पंचनामा, जबाब, तपासी अंमलदार, महिन्याच्या बैठकीत 'उघडकीस किती?' हा प्रश्न. साठ-सत्तर गावांना तीस-पस्तीस माणसं, त्यातली निम्मी बंदोबस्ताला. अशा ठिकाणी पाच हजारांची रेघ आखून दिली, तर माल त्या रेघेखाली सरकवण्याचा मोह कुणालाही होईल. घसारा हा शब्द मी आजवर आयकराच्या कागदात ऐकला होता. चोरीच्या तक्रारीत पहिल्यांदा ऐकला.

आता हिशेब. तीन कोअरची चार एमएमची केबल, शंभर फूट. त्यात तांबं निघतं सव्वातीन किलोच्या आसपास. जाळून काळवंडलेल्या तांब्याला भंगारात जो भाव मिळतो त्यानं चोराच्या हातात पडले असतील दीडएक हजार. पोलिसांच्या कागदावर बत्तीसशे. दुकानात साडेचार हजार. आणि दादाचं? चेन-पुली लावून मोटार वर काढायला माणसं सांगितली, ती तिसऱ्या दिवशी आली. केबल जोडून मोटार खाली सोडेपर्यंत लाइनची पाळी रात्रीची दिवसाची झाली, मग एक दिवस डीपीवर फेज गेला. सगळं मिळून कांद्याचं पाणी आठ दिवस लांबलं. उन्हाळ कांदा, दीड एकर, नेमका पोसायच्या वेळेला. शेंडे पिवळे पडले. दादा म्हणतो, निम्मा माल गोल्टीत जाणार. गोल्टी म्हणजे लिंबाएवढा कांदा; बाजार समितीत त्याची पाटी वेगळी पडते आणि भावही वेगळा पुकारतात, जो सांगायची शेतकऱ्याला लाज वाटते. हे नुकसान कुठल्याच रकान्यात नाही. चोर उद्या सापडला, रडला, बत्तीसशे रुपये टेबलावर ठेवले, तर कायद्यानं फिटंफाट. केबलीचे पैसे परत आले. कांद्याला त्या आठवड्याचं पाणी कोण परत देणार?

गंमत अशी की, आपल्या कायद्याला ही गोष्ट १८६० सालीच कळलेली होती. जुन्या दंड संहितेत ४३० कलम होतं: शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असं नुकसान जो जाणूनबुजून करील त्याला पाच वर्षांपर्यंत कैद. चोरीपेक्षा दोन वर्षं जास्त. त्या संहितेचा मसुदा रचणाऱ्या मेकॉलेच्या काळातल्या माणसांना सबमर्सिबल माहीत नव्हती, पण पाटाचं बारं फोडलं की काय होतं ते माहीत होतं. हे कलम नव्या संहितेतही आहे, ३२६ मध्ये, अगदी पहिल्या पोटकलमात, आणि ते दखलपात्र आहे. किमतीची कसलीही अट नाही. विहिरीवरची चालू मोटारीची केबल फेब्रुवारीत कापणाऱ्याला पाणी बंद पडणार हे माहीत नसतं असं कोण म्हणेल? केबल नेली ही चोरी आणि पाणी तोडलं हा आगळीकीचा, म्हणजे मुद्दाम नुकसान करण्याचा, वेगळा गुन्हा. दोन्ही कलमं लावा, म्हणजे पाच हजारांचा प्रश्नच निकालात निघतो. मी ते अंमलदारांना दाखवलं. त्यांनी कलम दोनदा वाचलं, "हे आम्ही कधी लावलेलं नाही" म्हणाले, आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणाले. साहेब बंदोबस्तावर होते.

रुपयात मोजायची ही खोड जुनी आहे. १८६० च्या संहितेत जनावर मारण्याच्या गुन्ह्यालाही किमतीची पट्टी होती: दहा रुपयांचं जनावर असेल तर एक कलम, पन्नासचं असेल तर त्याहून मोठं. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे बरीच रक्कम होती. पुढे रुपया घसरत गेला आणि अट नावापुरती उरली. नव्या संहितेनं ३२५ कलमात ती काढूनच टाकली; जनावर ते जनावर, किंमत काही असो. हे शहाणपणाचं झालं. पण एका कलमातून काढलेला रुपया त्याच पुस्तकात बावीस कलमं अलीकडे, चोरीत, नव्यानं आणून बसवला. पाच हजारांचा आकडा ज्यानं ठरवला त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा मॉलमधला शर्ट किंवा लोकलमधला जुना मोबाइल असावा. पाच हजार कुणाचे, हा प्रश्न त्याला पडला नसावा. पगारदाराचे पाच हजार आणि शेळीवर घर चालवणाऱ्या बाईचे पाच हजार एका मापाचे नसतात. आणि पाच हजारांखालचा ऐवज ज्यांच्या घरात चोरण्यासारखा असतो, ते कोण, हे सांगायला नको.

नऊ विहिरींकडे परत येतो. नऊ जण, नऊ एनसी. कुणाचे अठ्ठावीसशे, कुणाचे एकेचाळीसशे. बेरीज केली तर तीस हजारांच्या वर जाते, पण ती बेरीज कुणी करत नाही, कारण वहीत प्रत्येक नोंद सुटी आहे. एका रात्री, एका ओढ्यानं, एकाच पद्धतीनं नऊ केबली कापून एकाच जागी जाळणं हे एकट्याचं काम नव्हे आणि पहिल्यांदा करणाऱ्याचंही नव्हे. नव्या संहितेतच ११२ वं कलम आहे, किरकोळ संघटित गुन्हेगारीचं. टोळीनं केलेल्या चोऱ्या त्यात येतात, शिक्षा एक ते सात वर्षं. म्हणजे हत्यार घरातच आहे. फक्त नऊ सुट्या नोंदी एकत्र वाचणारा माणूस नाही, आणि त्या एकत्र वाचण्याचा हुकूमही नाही.

पूर्वी गावात याची एक रीत होती. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात ती आहे. चोरी झाली की गावचा जागल्या किंवा रामोशी पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत नेऊन पोचवला की जबाबदारी त्या गावाची. तिथल्या रखवालदारानं तो पुढे न्यायचा. जिथं माग हरवला, त्या गावावर भरपाई. त्या रीतीची आरती ओवाळायचं कारण नाही. रखवालदाराच्या गळ्यात सगळं अडकवून पाटील मोकळे व्हायचे आणि कधी रखवालदारच चोराला सामील असायचा. पण त्या रीतीत एक गोष्ट गृहीत होती: माल लहान की मोठा हे न बघता माग काढायचा. आज नऊ विहिरींपासून त्या राखेपर्यंत आणि राखेपासून डांबरी रस्त्यापर्यंत मोटारसायकलच्या चाकांचा माग मला, कोर्टात बसणाऱ्या माणसाला, स्पष्ट दिसत होता. तो बघायला कुणी आलं नाही.

आणि ज्यांनी तो माग पिढ्यानुपिढ्या काढला त्यांचं काय झालं? महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत, त्यात पारध्यांसोबत रामोशीही आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ च्या कायद्यानं तो देशभर पसरवला, आणि जन्मल्याबरोबर चोर ठरवण्याची सोय झाली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. शिक्का मात्र १९५९ च्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्यानं आणि त्याहून जास्त आपल्या बोलण्यानं शाबूत ठेवला. सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सांगावं लागलं की तुरुंगाच्या नियमावल्यांतून जातीवरून कामं वाटणं आणि विमुक्तांना सराईत समजणं बंद करा.

हे इथं का सांगतोय? कारण केबली गेल्या त्याच दिवशी दुपारी पारावर निकाल लागलेला होता. "माळावरच्या पालात बघा." माळावर पारध्यांची सहा पालं आहेत, चार वर्षांपासून. राखेचा डाग त्यांच्यापासून तीन किलोमीटरवर, विरुद्ध दिशेला. चाकांचा माग हमरस्त्याकडे. पालात मोटारसायकल एकच, तीही महिनाभर पंक्चर. हे सगळं मी सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही त्यांची केस घेता म्हणून बोलता." मी त्यांच्यातल्या कुणाची हमी घेत नाही. तशी मी शेजारच्या वकिलाचीही घेत नाही. पण पोलिसांनी तपास केला नाही म्हणून तपास थांबत नसतो. तो पारावर होतो, तिथं पुरावा लागत नाही, आणि निकाल नेहमी एकाच दिशेला जातो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली. १६ एप्रिल २०२० ला पालघरमधल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक, पोलिसांसमक्ष. दोन्हीकडे आधी मोबाइलवर अफवा फिरत होती. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडच्या गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर त्यातून टेहळणी करतात अशी आवई उठली आणि पोरं काठ्या घेऊन रात्र रात्र जागली. आमच्याकडेही जागली. त्या काठीपुढे कोण येईल ते नशिबावर. कुणी म्हणेल, बत्तीसशेच्या केबलीचा आणि राईनपाड्याचा काय संबंध? सरळ संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण 'ठाण्यात जाऊन उपयोग नाही' हे वाक्य गावात मुरायला नऊ एनसी पुरतात, एवढं मी रोज बघतो.

चोर पकडायचा तर पालात नव्हे, काट्यावर जायला हवं. भंगाराच्या काट्यावर. जळकं तांबं घरात कुणी शोभेला ठेवत नाही. दोन दिवसांत ते वजन होऊन पुढे जातं. एका तालुक्यात तांबं घेणारे किती असतील? चार, पाच. मोटारसायकलवर पंचवीस-तीस किलो काळवंडलेली तार घेऊन आलेल्या माणसाला 'कुठली रे?' असं न विचारणारा दुकानदार भोळा नसतो. चोरीचा माल घेणाऱ्याला ३१७ कलमात तीन वर्षं आहेत, आणि तोच धंदा करणाऱ्याला त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. चोरापेक्षा किती तरी जास्त. कायद्याला नेमकं कळतं की विकत घेणारा नसेल तर चोरी होणार नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १२४ कलमही आहे: जवळच्या मालाचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर गुन्हा. माझ्या वकिलीत या १२४ मध्ये सापडलेले बघितले ते रात्री गोणीत चार भांडी घेऊन जाणारे. काटा टांगलेला, पत्र्याचं शेड असलेला, जीएसटीची पाटी लावलेला एकही बघितला नाही.

म्हणून मागणी मोठी नाही, कायदा बदलायचीही वाट बघायला नको. वरून एक परिपत्रक निघालं तरी पुरे: शेतीपंपाची केबल, मोटार, स्टार्टर गेलं तर ३०३ सोबत ३२६ लावा, एका रात्रीच्या एकसारख्या तक्रारी एकाच गुन्ह्यात घ्या, आणि पहिला पंचनामा भंगाराच्या दुकानात करा. आणि पुढेमागे कधी तो तक्ता दुरुस्त करायची वेळ आली, तर पाच हजारांच्या आतल्या चोरीपुढचं 'जामीनपात्र' तसंच राहू द्या, 'अदखलपात्र' तेवढं खोडा. सापडलेला पोरगा एकोणीस वर्षांचा निघाला तर झाडू द्या त्याला ग्रामपंचायतीचं आवार. मीच त्याची बाजू मांडीन, दादा चिडला तरी.

'कोर्टांवर आधीच इतका बोजा, त्यात हे कुठे?' असं माझे वकील मित्र म्हणतात. बोजा आहेच. पण तपास म्हणजे खटला नव्हे. नऊ केबलींचा तपास लागला तर एक खटला होईल. तो लागला नाही तर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत आणखी तीस एनसी होतील. ज्यांना त्याही बोजा वाटत नाहीत, त्यांना वही जाड झालेली दिसत नाही, एवढंच.

आमच्याकडे आता लोकांनी आपापले उपाय काढलेत. काहींनी अ‍ॅल्युमिनियमची केबल टाकलीय. चोर तिला हात लावत नाहीत, पण ती मोटारीला मानवत नाही असं मेकॅनिक म्हणतो. एकानं विहिरीवर कुत्रं बांधलं, ते आजारी पडलं. दादा पाणी भरून झालं की काठावरची केबल सोडवतो, गुंडाळून खांद्यावर टाकतो आणि घरी आणतो. दुसऱ्या पाळीला पुन्हा जोडतो. अंधारात, ओल्या हातानं. त्याला किती वेळा सांगितलं, ऐकत नाही.

मी १७४ खाली मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज दिलाय, तपासाचा हुकूम व्हावा म्हणून. नऊ जणांच्या सह्या, राखेच्या डागाचे फोटो, ३२६ कलमाची प्रत. ठाण्याचा अहवाल मागवलाय आणि पुढची तारीख पडलीय. ती तारीख मी दादाला सांगितली तेव्हा तो कांद्याच्या पाती चाचपत होता. म्हणाला, "तोवर काढणी होऊन जाईल."